गाणी काढली तर काय उरतं?

मागच्या हिवाळ्यात परभणीला ओळखीतल्या एका मुलीनं लिहिलेलं आणि तिनंच बसवलेलं नाटक बघायला गेलो होतो. ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबाचं नाटक, पोरं सगळी कॉलेजातली, सेट म्हणजे बैलगाडीचं एक चाक आणि ताडपत्रीची कोपी, अन् मागं कोपऱ्यात हलगी, ढोलकी आणि एक पेटी. नाटक संपल्यावर सगळे बाहेर टपरीवर चहाला थांबले, पोरांच्या तोंडाला अजून काजळी तशीच, आणि तिथं एक वयस्कर गृहस्थ आले, गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे असे. त्यांनी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मनापासून कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाले, "नाटक लई चांगलंय बगा बाई. फक्त ते गाणे तेवढे काढून टाका. गाण्यानं नाटक थांबायलंय." पोरीनं मान डोलावली. माणूस वाईट हेतूनं बोलला नव्हता, उलट त्याला नाटक आवडलं म्हणूनच तो बोलला. पण मला ते वाक्य त्या रात्री सेलूला येईपर्यंत गाडीत टोचत राहिलं आणि पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. कारण त्या नाटकात तिसऱ्या प्रवेशात ती बाई फडात मोळी बांधता बांधता गाते, गाण्यात ती हंगामाचे महिने मोजते, कोणत्या महिन्यात कोणता कारखाना, कोणत्या महिन्यात उचल फिटली, आणि मोजता मोजता एका महिन्यापाशी येऊन थांबते, आणि तिथं आपल्याला कळतं की तिची गर्भाची पिशवी काढून टाकलीय. ही गोष्ट नाटकात कुणीच बोलत नाही. नवरा बोलत नाही, मुकादम बोलत नाही, ती स्वतः पण बोलत नाही. ती फक्त उसाला गाऊन सांगते.

ते गाणं काढलं तर काय उरतं?

हा प्रश्न परभणीच्या टपरीवरचा तसाच तिकडं न्यूयॉर्कचाही आहे, आणि तिकडं तर तो पुरस्काराच्या कागदावरच येऊन बसला होता. अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्कारात नाटकाला एकच बक्षीस असतं, बोलकं नाटक आणि म्युझिकल, म्हणजे गाण्यांचं नाटक, असे दोन कप्पे तिथं नाहीत, सगळ्यांनी एकाच ओळीत उभं राहायचं. हे बक्षीस पहिल्यांदा एका म्युझिकलला मिळालं १९३२ मध्ये, 'ऑफ दी आय सिंग'ला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक प्रेमाच्या मुद्द्यावर लढवायची, सौंदर्यस्पर्धा घ्यायची आणि जिंकेल तिच्याशी उमेदवारानं लग्न करायचं, आणि उमेदवार मात्र मक्याचे मफिन चांगले करणाऱ्या भलत्याच मुलीच्या प्रेमात पडतो, असं ते कथानक. बक्षीस कुणाला मिळालं? जॉर्ज कॉफमन आणि मॉरी रिस्किंड यांना, म्हणजे ज्यांनी संवाद लिहिले त्यांना. आणि आयरा गर्शविनला, ज्यानं गाण्याचे शब्द लिहिले. आयराचा सख्खा भाऊ जॉर्ज गर्शविन, ज्याच्या चालीवर ते सगळं उभं होतं, त्याचं नाव त्या कागदावर नव्हतं, कारण बक्षीस नाट्यलेखनाचं आणि चाल म्हणजे लेखन नव्हे. भावाला मिळालं, याला नाही, एकाच गाण्यासाठी! जॉर्ज १९३७ मध्ये वारला. त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९८ मध्ये, पुलित्झरवाल्यांनी त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आयराचंच जास्त वाटलं. घरी कसं सांगितलं असेल त्यानं.

मी यातलं एकही नाटक तिथं जाऊन बघितलेलं नाही. रेकॉर्डिंग ऐकली, मिळतील तिथून संहिता वाचल्या, व्हिडिओ सापडले ते बघितले, आणि बरंचसं ऐकणं सेलूत रात्री लाईट गेल्यावर गच्चीवर झोपून, मोबाईलची बॅटरी टिकेल तोवर. पण मला ते परकं वाटलं नाही आणि याचं कारण आमच्याकडचा गोंधळ. घरात लग्न झालं की गोंधळ घालायचाच, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, सगळ्या देव्यांना आवतण द्यायचं, चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. लहानपणी त्या पोतात ओतलेल्या तेलाचा वास आणि संबळाचा आवाज यातच झोप लागायची आणि त्याच आवाजानं जाग यायची. नायक गोंधळी आख्यान लावायचा, गाता गाता बोलायला लागायचा, बोलता बोलता त्याचा आवाज चढायचा आणि कधी ते परत गाणं झालं ते कळायचं नाही, आणि शेजारचा साथीदार मध्येच अडाण्यासारखा प्रश्न विचारायचा, "मग राजा कामून रडला?" मग उत्तर परत गाण्यात. गोष्ट कुठं संपली अन् गाणं कुठं सुरू झालं असं आमच्या आजीला विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. पैठणला नाथांनी साडेचारशे वर्षांपूर्वी भारुडं लिहिली तीपण अशीच, त्यात माणूस सोंग घेऊन येतो, गातो, बोलतो, नाचतो, आणि त्यातला अर्थ या तिन्हीत वाटलेला असतो. एक काढलं की बाकीचे दोन लंगडे होतात.

तरी त्या गृहस्थांचं म्हणणं मी पूर्ण झटकून टाकू शकत नाही, कारण त्यांच्या म्हणण्यामागं आपल्याच संगीत नाटकाची परंपरा आहे. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं, आणि मग बालगंधर्वांच्या काळात नाटक म्हणजे पदं आणि पदं म्हणजे वन्स मोअर. मला ती पदं जिवापाड आवडतात, रेडिओवर लागली की हातातलं काम थांबतं. पण खरं सांगायचं तर त्यातली कितीतरी पदं नाटकाबाहेर काढून मैफलीत गायली तर त्यांचं काहीही बिघडत नाही, आणि ती काढून घेतलेल्या नाटकाचंही फार बिघडत नाही. प्रवेश चाललाय, भांडण रंगात आलंय, आणि नट पुढं येऊन पेटीवाल्याकडं बघतो, मग गोष्ट वीस मिनिटं उभी. तिथं "गाण्यानं नाटक थांबायलंय" हे खरंच आहे. म्हणून मला नेहमी वाटतं की संगीत नाटकाला मोठं म्हणायचं का नाही ते गाणी किती गोड आहेत यावरून ठरवू नये. त्या गृहस्थांचीच सूचना अमलात आणून बघावी. गाणी खरंच काढा. आणि मग बघा कोणती गोष्ट चालता चालता कोसळते.

या कसोटीवर आपल्याकडची तीन नाटकं माझ्यासाठी पक्की उभी राहतात. 'कट्यार काळजात घुसली', १९६७, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, अभिषेकीबुवांचं संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब. तिथं भांडणच दोन गायक्यांचं आहे, गाणं काढलं तर भांडायला काही शिल्लकच नाही. दुसरं 'घाशीराम कोतवाल', १९७२, तेंडुलकरांचं, भास्कर चंदावरकरांचं संगीत. माणसांचीच भिंत उभी करायची, ती भिंत गाते, डुलते, आणि तिच्या मागं काय चाललंय ते झाकते. देवाच्या नावानं गात गात पाप झाकणं हाच नाटकाचा मुद्दा आहे, मग गाणं काढून तो दाखवणार कसा? आणि तिसरं, माझं सगळ्यात लाडकं, सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण', १९७४. मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. मराठवाड्यात ज्या माणसानं गावात सप्ताह बघितलाय, मंडपात मांडी घालून पूर्वरंग-उत्तररंग ऐकलाय, टाळकऱ्यांची रांग बघितलीय, त्याला हे नाटक समजावून सांगावं लागत नाही. ज्या सुरात आपण आयुष्यभर वैराग्य ऐकलं त्याच सुरात हा मेलेला माणूस हट्ट करतो की मला जुन्याच स्मशानात जाळा. संवादात हे सगळं बसवलं असतं तर गंमत झाली असती. कीर्तनात बसवलं म्हणून आतडं पिळवटतं.

तर पुलित्झर. १९३२ पासून २०२० पर्यंत दहा म्युझिकलला ते मिळालं. या दहांकडं मी याच कसोटीवर बघतो आणि सगळ्यांविषयी मला सारखं वाटत नाही.

'साऊथ पॅसिफिक', १९५०. यावेळी मात्र संगीतकाराचं, रिचर्ड रॉजर्सचं नाव कागदावर आलं, ऑस्कर हॅमरस्टीन आणि जोशुआ लोगनच्या बरोबरीनं. महायुद्धातल्या बेटावरची गोष्ट, एक अमेरिकन लेफ्टनंट तिथल्या मुलीवर प्रेम करतो पण लग्न करायचं त्याच्यानं होत नाही, आणि स्वतःचीच चीड येऊन तो एक छोटंसं गाणं गातो, की द्वेष घेऊन कुणी जन्माला येत नाही, तो लहानपणीच नीट शिकवावा लागतो. गाणं दीड-दोन मिनिटांचं. आणि याच गाण्याबद्दल लोक म्हणाले, हे काढून टाका, नाटक छान आहे! नाटक उभं राहत असतानाच हा सल्ला मिळाला होता, आणि रॉजर्स-हॅमरस्टीन म्हणाले की याच गाण्यासाठी तर हे नाटक करतोय. पुढं १९५३ मध्ये दौऱ्यावर असताना अटलांटात प्रयोग झाले तेव्हा जॉर्जियातल्या आमदारांनी त्या गाण्यावरून गदारोळ केला. मला हा प्रसंग वाचून त्या पोरीची डोलावलेली मान आठवली. दर वेळी "काढा" असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्या गाण्यातच नाटकाची नस असते का काय, असं वाटायला लागलं. तसं दर वेळी नसतं हे मला माहितीये. पण बघावं तरी काढण्याआधी.

'फिओरेल्लो!' १९६० आणि 'हाऊ टू सक्सीड' १९६२, ही दोन्ही चांगली करमणूक आहेत, पहिल्यात भ्रष्ट पुढारी कोर्टातल्या सवाल-जबाबाची नक्कल करत गातात ते तर आपल्या कुठल्याही जिल्हा परिषदेत शोभेल. पण ही दोन नाटकं त्या यादीत आणि १९५९ चं 'जिप्सी' त्या यादीत नाही, हे मला आजपण पटत नाही. 'जिप्सी'त एक आई आहे, रोझ, पोरींना स्टार करायच्या नादात तिनं त्यांचं बालपण संपवलंय, आणि शेवटी रिकाम्या स्टेजवर ती एकटी उभी राहते आणि आधीच्या गाण्यांचे तुकडे तिच्या तोंडून बाहेर यायला लागतात, अर्धे, मोडलेले, एकावर एक चढलेले. आपण ते सूर संध्याकाळभर गोड म्हणून ऐकलेले असतात. तेच सूर आता एका बाईचं डोकं फिरताना दाखवतात. हे संवादात होऊच शकत नाही, कारण संवादातली ओळ परत आली तर आपण म्हणतो पुनरुक्ती झाली, पण सूर परत आला तर तो त्याच्याबरोबर मधला सगळा काळ घेऊन येतो. 'जिप्सी'ला त्या वर्षी टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचा तिथला मोठा पुरस्कार, तोसुद्धा मिळाला नाही, तो 'फिओरेल्लो!' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये वाटून गेला.

'अ कोरस लाईन'पाशी, म्हणजे १९७६ ला, माझी कसोटी जरा अडखळते. नाचणाऱ्या पोरापोरींची निवड चाललीय, एकेकाला पुढं बोलावून आयुष्य विचारलं जातंय, खऱ्या नर्तकांच्या रात्रभराच्या गप्पा टेपवर घेऊन त्यातून हे नाटक विणलं. आणि यातला सगळ्यात काळीज कापणारा भाग गाणं नाहीच, पॉल नावाचा मुलगा आईवडलांनी त्याला बायकी वेशात कसं बघितलं ते नुसतं बोलून सांगतो. संगीतवाल्यांनी तिथं गाणं घातलं नाही हेच मोठं शहाणपण. म्हणजे नाटकाला कुठं गप्प राहायचं हे कळतं तेव्हाच त्याच्या गाण्याला किंमत येते. मग शेवटी तेच सगळे लोक सोनेरी कपडे घालून एका ओळीत नाचत येतात, आणि ज्यांची नावं, ज्यांच्या जखमा आपल्याला पाठ झाल्यात त्यातलं आता कोण कोणतं ते ओळखू येत नाही. दोन तास कमावलेली ओळख पाच मिनिटांच्या नाचात पुसून टाकली. ६१३७ प्रयोग झाले त्याचे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, १९९० पर्यंत. बक्षीस अगदी योग्य, आणि त्यात नृत्य बसवणाऱ्या मायकल बेनेटचं नाव होतं याचा मला जास्त आनंद.

'संडे इन द पार्क विथ जॉर्ज', १९८५, याच्याविषयी मी कितीही बोलू शकतो. स्टीफन सॉन्डहाईम आणि जेम्स लपाईन. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुरा ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र काढायचा तर संगीतपण ठिपक्यांचं, सुटे सुटे स्वर टोचत जाणारे, आणि अंक संपताना ते स्वर जुळून अख्खं चित्र आपल्यासमोर उभं राहतं. त्यात त्यानं प्रेयसी डॉटला वचन दिलंय की आज तुला फोलीजचा, म्हणजे नाचगाण्याचा, खेळ बघायला नेतो, ती नटून तयार, आणि हा चित्रातली एक टोपी पूर्ण करत बसतो. ती निघून जाते. त्या टोपीवर तो गातो ते गाणं काढा, तर एका शब्द न पाळणाऱ्या आत्ममग्न माणसाची गोष्ट उरते, अशी माणसं आपण घरोघर बघितलीयत आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काही कणव नसते. गाणं ठेवा, तर त्याच माणसाच्या आत जाऊन आपण बसतो, खिडकीतून जग बघतो, ती गेली हे त्याला कळतंय आणि तरी हात थांबत नाही हेपण कळतं. मी त्याला माफ करत नाही, पण समजतो. माझ्या वडलांना पेटी वाजवायचं वेड होतं, आई जेवण झाकून ठेवायची आणि झोपून जायची. हे गाणं ऐकताना मला दोघंही दिसतात आणि मी कुणाच्या बाजूचा ते मला ठरवता येत नाही.

'रेंट'विषयी, १९९६, माझं मन दुभंगलेलं आहे. जोनाथन लार्सन पहिल्या जाहीर प्रयोगाच्या दिवशीच पहाटे गेला, पस्तिसाव्या वर्षी, पुरस्कार त्याला कळलाच नाही. एड्सनं पटापट माणसं जात होती तेव्हाची ती गोष्ट आहे आणि तिच्या लेखकाचंच असं झालं, मग त्या वर्षी तिथं कुणाला तटस्थ राहता आलं असेल? वर्षात मिनिटं किती ते मोजणारं त्यातलं गाणं आता जगभर शाळांत गातात आणि खरं तर ते नाटकातून सहज सुटून येतं. लार्सनला अजून एकदा हात फिरवायला मिळाला असता तर हे नाटक कितीतरी मोठं झालं असतं असं मला वाटतं. तरी बक्षीस चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

'नेक्स्ट टू नॉर्मल' २०१० चं. ज्युरीनं निवडलेल्या तिघांत हे नाटक नव्हतंच, शेवटचा निर्णय घेणाऱ्या बोर्डानं परस्पर याला दिलं आणि ज्युरीच्या अध्यक्षांनी जाहीर नाराजी लिहिली. पद्धत चुकीची असेल, पण निवड मला बरोबर वाटते. आईचं मन आजारी आहे, घरात मोठा मुलगा वावरतोय, गातोय, आपण त्याला घरातलाच एक धरून चालतो, आणि मग ती वाढदिवसाचा केक घेऊन येते आणि नवरा सांगतो की तो कधीच गेलाय. तो मेलेला मुलगा पुढं ओरडून गातो की मी जिवंत आहे, आणि सगळ्या नाटकात सगळ्यात ताकदीचा, सगळ्यात तरणा आवाज त्याचाच असतो. आईला तो सोडून जावासा का वाटत नाही हे डॉक्टरच्या शंभर वाक्यांनी कळलं नसतं. 'हॅमिल्टन' २०१६ बद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय. मला फक्त एवढंच म्हणायचंय की त्यात मंत्रिमंडळाची भांडणं रॅपमध्ये, समोरासमोर उभं राहून होतात तेव्हा ज्यानं कलगी-तुऱ्याचा सामना ऐकलाय त्याला ते लगेच कळतं, समोरच्याला शब्दात गाठायचं, तालात गाठायचं, आणि राज्याचा कारभार त्यावर ठरायचा. 'अ स्ट्रेंज लूप' २०२० चं, ब्रॉडवेवर यायच्या आधीच मिळालं, त्यात एका काळ्या तरुण लेखकाच्या डोक्यातले विचार माणसं होऊन त्याच्याभोवती गातात आणि त्याला टोचून खातात. ते ऐकणं मला जड गेलं. नाटक मोठं आहे.

आणि ज्यांना मिळालं नाही ती? १९६८ मध्ये पुलित्झरवाल्यांनी नाटकाचं बक्षीस कुणालाच दिलं नाही, आणि 'हेअर' १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये आलं होतं. १९७२ मध्येपण कुणालाच नाही, आणि 'फॉलीज' १९७१ च्या एप्रिलमध्ये आलं होतं. बक्षीस पेटीत ठेवून दिलं पण गाण्याच्या नाटकाला दिलं नाही, असं निदान बाहेरून तरी दिसतं. २०१४ मध्ये 'फन होम' शेवटच्या यादीपर्यंत येऊन राहिलं. त्यात मोठी झालेली मुलगी आठवणीतल्या गाडीत वडलांच्या शेजारी बसते, दोघांनाही एकमेकांबद्दल एकच गोष्ट माहिती आहे आणि कुणीच बोलत नाही, बाहेरचे खांब मागं पळतायत आणि ती गात राहते की आता बोल, आता तरी बोल. जे बोललं गेलं नाही त्याचंच ते गाणं आहे. ते काढलं तर गाडीत दोन गप्प माणसं उरतात.

पण माझ्या मनातला खरा सल 'कॅरोलाइन, ऑर चेंज'चा. टोनी कुशनरनं लिहिलं, जनीन टेसोरीचं संगीत, ब्रॉडवेवर आलं २००४ मध्ये. १९६३ सालचं लुइझियाना, कॅरोलाइन नावाची काळी बाई एका ज्यू कुटुंबात आठवड्याला तीस डॉलरवर कपडे धुते, तळघरात, उकाड्यात. तिच्याशी बोलायला कुणी नाही. मग कपडे धुवायचं मशीन गातं, ड्रायर गातो, रेडिओ गातो, वर चंद्र गातो. मालकीण सांगते की पोराच्या खिशात राहिलेली चिल्लर तूच ठेव, पोराला शिस्त लागेल, आणि त्या चिल्लरीपायी कॅरोलाइन आणि ते लहान पोर एकमेकांना नको ते बोलून बसतात. शेवटी ती देवापुढं उभी राहून मागते की माझ्या मनातली आशा काढून घे, राग काढून घे, म्हणजे मला परत कामावर जाता येईल. असलं मागणं मी दुसऱ्या कुठल्या नाटकात ऐकलेलं नाही.

माझी आजी पहाटे चारला जात्यावर बसायची. ज्वारीचं पीठ, अंधार, ओसरीवर आम्ही पोरं गोधडीत, आणि जात्याच्या घरघरीवर तिची ओवी. त्यात भाऊ यायचा, माहेरची वाट यायची, पंढरी यायची, आणि कधीमधी अशी एखादी ओळ यायची की आई चुलीपाशी थबकायची आणि आजीकडं बघायची. दिवसभर आजी सासरच्या कुणाबद्दल एक अक्षर बोलायची नाही. म्हातारपणी कुणीतरी तिला खुर्चीत बसवून मोबाईल समोर धरला आणि म्हटलं, म्हण बरं ओव्या. तिला एकपण आठवली नाही. मग मावशीनं माळ्यावरचं जातं काढलं, पुसलं, मूठभर दाणे टाकले, आजीनं खुंटा धरला आणि तिसऱ्या फेऱ्याला ओव्या सुरू झाल्या त्या थांबेनात. कॅरोलाइनचं मशीन गातं तेव्हा तिकडच्या समीक्षकांना ती कल्पना वाटली असेल. मला नाही वाटली. काम करणारी बाई ज्याच्याशी बोलते ते गातंच.

आपल्याकडं राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकाचा वेगळा विभाग आहे, आणि त्याचा हेतू चांगलाच आहे, परंपरा टिकावी, गाणारे नट तयार व्हावेत. पण वेगळा विभाग झाला की दोन्हीकडच्या मनात एक रेघ पडते, इकडं नाटक आणि तिकडं गाण्याचं नाटक. आणि जे धड कुठल्याच बाजूला बसत नाही त्याचं काय करायचं? २०१२ मध्ये आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगतांची, आणि त्यातले कितीतरी नट म्हणजे शेतीमातीतली पोरं. यम शिवाजी महाराजांच्या पगडीच्या शोधात भीमनगर मोहल्ल्यात येतो आणि ती पगडी कुणाच्या डोक्यात बसते ते बघत फिरतो. मी ते बघितलं तेव्हा हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, बाया कडेला फरशीवर बसल्या होत्या, पोरं भिंतीला टेकून उभी. शेवटी दोन शाहीर समोरासमोर येतात आणि महाराज नेमके कुणाचे यावर सवाल-जबाब झडतो. एकाचा आवाज चढतो, दुसऱ्याची हलगी त्याला खाली खेचते, प्रश्नावर प्रश्न, आणि जे लोक एरवी या विषयावर पारावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले असते तेच लोक त्या तालावर मान डोलवत, ऐकत, विचारात पडत बसलेले मी बघितले. तो वाद गद्यात मांडला असता तर पाच मिनिटांत कुणीतरी उठून निघून गेलं असतं, नाहीतर खुर्ची फेकली असती. सवाल-जबाबाचा कायदा असा आहे की समोरच्याचा सवाल पूर्ण ऐकल्याशिवाय जबाब देताच येत नाही.

माझ्या हातात असतं तर नाटकाचं सगळ्यात मोठं बक्षीस मी त्याला दिलं असतं. संगीताचं नाही, लोककलेचं नाही, नाटकाचं. आणि कागदावर संभाजी भगतांचं नाव तांगडेंच्या नावाशेजारी, त्याच ओळीत लिहिलं असतं.